गोळीने खाज थांबली, मग गहू कशाला सोडायचा?

ताई, वय ३६, एक मुलगी आहे ७ वर्षांची. साडेचार वर्षं झाली, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कंबरेखाली मागच्या बाजूला आणि कधीकधी डोक्यात इतकी खाज यायची की रात्र रात्र उठून बसायचे. आधी खरूज म्हणून सगळ्या घराने मलम लावलं, तेही दोनदा. मग एक्झिमा झाला, मग स्ट्रेस झाला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी बायॉप्सी केली आणि डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस निघालं. डॅप्सोनची गोळी दिली आणि ग्लूटेन बंद करायला सांगितलं. खरं सांगते, तिसऱ्या दिवशी खाज गेली, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता पाच महिने झालेत, जवळजवळ सगळं पाळते. मागच्या महिन्यात मीच चार दिवस गोळी बंद करून बघितली तर पुरळ परत हजर. मग पाच महिने जे तोंड बांधून राहिले त्याचा उपयोग काय झाला? माझं पोट तर आयुष्यात कधी बिघडलेलं नाही. सासूबाई म्हणतात गोळीने बरं वाटतंय ना, मग खा की सगळ्यांसारखे चार घास. ह्यांनी रिपोर्टवर हर्पेटिफॉर्मिस वाचलं तेव्हापासून गप्प गप्प असतात, विचारत पण नाहीत काही. आणि डॅप्सोन गूगल केलं तर कुष्ठरोग आला, ते तर मी कोणालाच सांगितलेलं नाही. गोळी चालू ठेवून नेहमीसारखं खाल्लं तर नाही का चालणार? आणि मुलीला होईल का हे?
— खाजवून खाजवून थकलेली

अगं थकलेल्या मुली,

तुझं पत्र वाचता वाचता मी माझं डावं कोपर खाजवायला लागले, यावरून समज. मलाही हेच आहे, अकरा वर्षं झाली. डॉक्टर मी नाही, त्यामुळे डोसबिस तुझ्या डॉक्टरीणबाईच ठरवणार, मी फक्त तुझ्यापुढे थोडं चाललेली पेशंट आहे आणि खड्डे कुठे आहेत ते सांगू शकते.

आधी तुझ्या मिस्टरांचं, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे आणि तू पाच महिने छातीवर घेऊन बसलीयेस. हर्पेटिफॉर्मिस म्हणजे हर्पिससारखं दिसणारं. बस, एवढंच. फोड झुपक्याझुपक्याने येतात म्हणून १८८४ साली फिलाडेल्फियाच्या लुई ड्युरिंग नावाच्या त्वचेच्या डॉक्टरने हे नाव ठेवलं. हर्पिसच्या व्हायरसचा याच्याशी काही म्हणजे काही संबंध नाही, हे कोणाकडून लागत नाही, कोणाला देता येत नाही, ना टॉवेलने ना एका पांघरुणात झोपून. बिचाऱ्या ड्युरिंगला काय माहीत की त्याच्या त्या एका शब्दापायी किती घरांत अबोला धरला जाणार आहे. आज रात्री हा एवढा पॅरा त्यांना वाचायला दे. ते गप्प आहेत म्हणजे संशयच घेतायत असं नाही हं, कदाचित विचारायची भीती वाटत असेल, पण तू सांगितल्याशिवाय ते कसं कळणार.

कुष्ठरोगाचंही तसंच. डॅप्सोन कुष्ठरोगावर देतात हे खरं आहे, तिथे ती जंतूंवर काम करते. तुझ्यात मारायला जंतूच नाहीत. इथे तिचं दुसरंच काम आहे, त्वचेत घुसून धुमाकूळ घालणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती आवरते. एक गोळी, दोन कामं. गूगल पहिलं काम दाखवतं आणि माणसाचा जीव अर्धा करतं.

आता मुद्द्याचं. गोळी चालू ठेवून नेहमीसारखं खाल्लं तर चालेल का, तर नाही चालणार. नुसतं नाही म्हणून तुझं समाधान होणार नाही हे मला माहितीये, माझंही झालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गहू, बार्ली म्हणजे जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या तीन धान्यांत जे प्रोटीन असतं ते ग्लूटेन. आपल्यासारख्यांच्या आतड्यात ते गेलं की शरीर ते शत्रू समजतं आणि त्याच्या नादात स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध, ट्रान्सग्लुटामिनेज म्हणतात त्याला, अँटीबॉडी बनवायला लागतं. त्याच एन्झाइमचा एक चुलतभाऊ त्वचेत राहतो. काही जणांच्या अँटीबॉडी त्या चुलतभावाच्याही मागे लागतात, आणि मग आयजीए नावाच्या अँटीबॉडीचे बारीक कण त्वचेत, अगदी वरच्या थराच्या खाली जाऊन साचतात. तिथे पांढऱ्या पेशी धावत येतात, जळजळ होते, फोड येतो. म्हणजे आग आतड्यात आणि धूर कोपरावर. आणि डॅप्सोन काय करते, तर पंखा लावून धूर घालवते. फार भारी पंखा आहे, दोन-तीन दिवसांत खोली स्वच्छ, तू बघितलंसच. पण आगीवर तिने एक थेंब पाणी टाकलेलं नाही. आतडं तिला कळत नाही, अँटीबॉडी तिला कळत नाहीत, त्वचेत साचलेले कणही ती हलवत नाही.

म्हणून गोळी थांबवल्यावर चार दिवसांत पुरळ हजर झालं. तू जी टेस्ट केलीस ना ती पाच महिन्यांच्या पथ्याची टेस्ट नव्हतीच गं, ती पंखा बंद केला तर काय होतं याची टेस्ट होती. (आणि हो, परत असं स्वतःच्या मनाने करू नकोस, डोस कमी करायचा असतो, तोडायचा नसतो.)

पोट कधी बिघडलं नाही, हे वाक्य आपल्या जातकुळीतले बहुतेक सगळे म्हणतात, मीही म्हणायचे आणि वर दगड पचवते असं अभिमानाने सांगायचे. पण या आजाराच्या लोकांच्या आतड्याची बायॉप्सी केली तर साधारण चारातल्या तिघांच्या आतड्याचं आतलं अस्तर खराब झालेलं सापडतं, आणि राहिलेल्या चौथ्यातही थोडीफार सूज असतेच. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात, ते झिजून सपाट होतात. दुखत मात्र नाही. म्हणजे तुला आहे तो सिलिअ‍ॅक, ग्लूटेनने आतडं बिघडवणारा आजारच आहे, फक्त पोटाऐवजी कातडीतून बोलणारा. आता गोळी घेऊन खात राहिलीस तर कातडी गप्प बसेल आणि आतडं आतल्या आत झिजत राहील, मग लोह कमी, कॅल्शियम कमी, व्हिटॅमिन डी कमी, हाडं ठिसूळ. आणि एक गोष्ट घाबरवायला नाही पण लपवायची पण नाही म्हणून सांगते, ग्लूटेन चालू ठेवणाऱ्यांमध्ये लिम्फोमा नावाच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो, प्रकार दुर्मिळ आहे, पण धोका आहे, आणि काही वर्षं कडक पथ्य पाळलं की तो खाली येतो. गोळीने नाही येत.

सासूबाईंवर चिडू नकोस हं यावरून. १८८४ ला आजाराला नाव मिळालं आणि या पेशंटच्या आतड्यात बिघाड असतो हे डॉक्टरांच्या लक्षात आलं १९६६ साली. मोठमोठे स्किनवाले ८२ वर्षं फक्त कातडीच बघत बसले. त्यामानाने तुझ्या सासूबाईंना पाचच महिने झालेत.

बरं मग पाच महिन्यांचा उपयोग काय झाला? झालाय, पण तू बघतेयस चुकीच्या जागी. त्वचेत जे कण साचलेत ते साचायला वर्षं लागलीत आणि जायलाही वर्षं लागतात. पथ्याचा परिणाम पुरळावर दिसायला कित्येक महिने जातात आणि गोळी पूर्ण सुटायला बऱ्याच जणांना दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. या काळात आज किती फोड आले हे मोजलंस तर वेडी होशील, कारण गोळी चालू असताना फोड नसतातच आणि गोळी थांबवली की असतातच, दोन्हीतून पथ्याबद्दल काहीच कळत नाही. मोजायचा तो डोस. खाज न येता कितीवर भागतंय आणि तो आकडा खाली येतोय का. पथ्य लागू पडतंय की नाही हे तुला गोळीची स्ट्रिप सांगणार, कोपर नाही.

माझं सांगते. मी १०० मिलिग्रॅमवर सुरू केलं. मला सवय होती, प्रत्येक नवीन स्ट्रिपच्या मागे बॉलपेनने तारीख आणि डोस लिहायची, चंदेरी कागदावर ते पेन नीट उमटत नाही म्हणून दाबून दाबून लिहायचे. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी ७५ केला, अकराव्यात ५०. आणि मग ५० वर जी गाडी अडकली ती अडकलीच. २५ केलं की दहा दिवसांत कोपरं पेटायची, परत ५०. असं तीनदा झालं. मी पण तेव्हा म्हणायचे की जवळजवळ सगळं पाळते.

तुझ्या पत्रातला तो ‘जवळजवळ’ वाचला आणि मला माझ्या घरातला बटरचा डबा आठवला. घरी बटरचा डबा एकच, सगळ्यांचा. मी माझं वेगळं खायचे पण बटर त्याच डब्यातलं. एक दिवस सकाळी उन्हात टेबलावर डबा उघडा होता आणि मला त्या पिवळ्या बटरमध्ये सुरीचे ओरखडे दिसले आणि ओरखड्यांत ब्रेडचा चुरा. बारीक, तपकिरी, मोजला तर सात-आठ कण. चौदा महिने मी तो खात होते, रोज, मोठ्या इमानाने. त्याच दिवशी मग किचनभर फिरले, टोस्टर, पिठाची चाळणी, लाकडी उलथणं, नूडल्स गाळायची जाळी, जॅमची बाटली. लाकडाच्या भेगा आणि चाळणीची जाळी कितीही घासली तरी पीठ पूर्ण निघत नाही. माझी म्हणून वेगळी भांडी आणली, बटरच्या डब्यावर लाल टेप लावली, आणि साडेतीन महिन्यांनी २५ वर आले ती परत वर गेलेच नाही. नंतर एकाआड एक दिवस, आणि सव्वीसाव्या महिन्यात गोळी बंद. शेवटची स्ट्रिप अजून आहे ड्रॉवरमध्ये, चार गोळ्या शिल्लक असलेली.

एवढ्याशा चुऱ्याने काय होतं असं वाटतं ना? ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्लूटेन दोन ग्रॅमच्या वर असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात पथ्यावर असलेल्या सिलिअ‍ॅकच्या पेशंटना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर आतड्यातल्या त्या मखमलीवर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग पण नाही भरत, चिमूटभर चुरा. तुझ्या सासूबाईंच्या चार घासांचा हिशोब आता तूच कर. ग्लूटेन फ्री लेबलला आंतरराष्ट्रीय मर्यादा धरतात ती २० पीपीएम, म्हणजे किलोभर पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, त्यावरून कळेल किती बारकाईचं काम आहे ते.

तर तुझा ‘जवळजवळ’ नेमका कुठे आहे ते शोध. मी सांगते त्या जागा आधी बघ. माल्ट लिहिलेलं काहीही, ते बार्लीचं असतं, मग बिस्किट असो की चॉकलेट पावडर. सोया सॉस, बहुतेकांत गहू असतो. दाट केलेली सूप आणि ग्रेव्ही. बिअर. बाहेरचं तळलेलं, कारण त्याच तेलात आधी काय काय तळून झालेलं असतं. व्हीट फ्री लिहिलेलं बघून फसू नकोस, त्यात गहू नसेल पण बार्ली असू शकते. ओट्स बऱ्याच जणांना चालतात, पण साधे ओट्स गव्हाच्याच मशीनमधून आलेले असतात, तेव्हा खास ग्लूटेन फ्री लिहिलेलेच घ्यायचे, आणि तेही आत्ता नको, डोस खाली यायला लागला की डॉक्टरांना विचारून. मी तर अजून पण नाही खात, चवच आवडत नाही मला, ते सोड. आणि महागडी ग्लूटेन फ्री बिस्किटं आणून ढीग लावू नकोस, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि पाच किलो वजन वाढवलं. तांदूळ, मका, डाळी, बटाटे, अंडी, मासे, भाज्या, फळं यांत मुळातच ग्लूटेन नसतं, यावर पोट भरायचं आणि पाकीट क्वचित.

क्रीम, साबण, शॅम्पू यांची मात्र काळजी सोड. ग्लूटेन कातडीतून आत जात नाही, ते तोंडावाटेच पोटात जावं लागतं, त्यामुळे फार तर लिपस्टिक बघ. मी ग्लूटेन फ्री शॅम्पू घेतला होता एकदा, अजून हसतात घरचे. पण पीठ हवेत उडत असेल अशा ठिकाणी उभी राहू नकोस, ते नाकातोंडात जातं आणि मग गिळलं जातं.

अजून एक गोष्ट जी मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. आयोडीन जास्त झालं की हे पुरळ भडकतं. रोजच्या मिठातलं नाही हं, मीठ बंद करू नकोस. पण समुद्री शेवाळाच्या गोळ्या, काही कफ सिरप ज्यात पोटॅशियम आयोडाइड असतं, असलं काही घेतेयस का बघ. काही पेनकिलर्सनीही भडकतं, इंडोमेथासिन त्यातलं माहितीतलं नाव. त्यामुळे कुठल्याही कारणाने कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी या आजाराचं नाव सांगायचं.

गोळीबद्दल पण दोन शब्द, कारण ती बिनविषारी नाहीये. सुरू करायच्या आधी जी६पीडी नावाची रक्ताची टेस्ट केली असेलच, रिपोर्ट काढून बघ, नसेल केली तर उद्याच विचार, कारण ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी या गोळीने भराभर फुटू शकतात. तसंही प्रत्येकाचं हिमोग्लोबिन थोडं उतरतंच, म्हणून सुरुवातीला वरचेवर आणि मग दर काही महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायचा, बरं वाटतंय म्हणून टाळायचा नाही. ओठ किंवा नखं निळसर दिसली, धाप लागायला लागली, किंवा ताप येऊन घसा दुखायला लागला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. आणि एक गंमत, ही गोळी चालू असताना शुगरची ती तीन महिन्यांची टेस्ट, एचबीएवनसी, खोटी कमी येते. घरात कोणाला डायबेटीस असेल आणि तुझीही टेस्ट कोणी केली तर खूश होऊ नकोस, साधी शुगर तपासून घे. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तोही आधीच डॉक्टरांच्या कानावर घाल.

आणि गोळीने लपवलेलं जे आतलं आहे त्याचाही एकदा हिशोब करून घे, लोह, बी१२, फोलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन डी, आणि थायरॉइड तर नक्कीच, कारण हे ऑटोइम्यून आजार एकटे फिरत नाहीत, थायरॉइडची आणि याची जुनी दोस्ती आहे. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, फक्त ६ निघालं होतं आणि मी वर्षानुवर्षं समजत होते की मी आळशी आहे.

खरुजेवरून आठवलं. तुझी साडेचार वर्षं गेली म्हणून तू स्वतःवर किंवा त्या पहिल्या डॉक्टरांवर किती चिडली असशील ते मला कळतं. पण या आजाराची गोची अशी की आधी चटका बसल्यासारखं जळजळतं, मग टाचणीच्या डोक्याएवढे पाणीदार फोड येतात, आणि ते कोणाला दाखवायला शिल्लकच राहत नाहीत, आपण रात्रीच खाजवून फोडून टाकतो. डॉक्टरसमोर जातात त्या खपल्या, आणि खपल्या सगळ्या आजारांच्या सारख्याच दिसतात. एक खूण फक्त असते, दोन्ही बाजूला सारखं, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे. माझी तर पहिली बायॉप्सी पण फुकट गेली होती, ताज्या फोडाच्या मधोमध तुकडा काढला आणि रिपोर्ट आला की विशेष काही नाही. तो तुकडा फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा घ्यावा लागतो आणि त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स नावाची वेगळी टेस्ट करावी लागते, तेव्हा ते आयजीएचे कण चमकताना दिसतात. त्या एका चुकीने माझं दीड वर्ष गेलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वेळी बरोबर जागी हात घातला, त्यांना धरून राहा.

आता लेक. तुझ्यापासून तिला हे लागणार नाही, पण रक्तातून थोडी शक्यता घेऊन ती आलेली आहे. या आजाराला जी जनुकं लागतात, एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ म्हणतात त्यांना, ती असंख्य लोकांत असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तरी आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कोणाला सिलिअ‍ॅक असेल तर घरातल्या बाकीच्यांना साधारण दहात एक असा अंदाज धरतात. म्हणून तिची टीटीजी-आयजीए ही रक्ताची टेस्ट एकदा करून घे, सोबत टोटल आयजीए, काही तक्रार नसली तरी. आणि इथे एक मोठा खड्डा आहे, त्यात पडू नकोस: सोयीसाठी म्हणून सगळ्या घराचाच गहू बंद करायची घाई करू नकोस. ती ग्लूटेन खात असतानाच टेस्ट करायची असते, बंद केलं की अँटीबॉडी उतरतात आणि टेस्ट खोटी चांगली येते, मग ना धड हो ना धड नाही. तुझ्या भावंडांना आणि आईवडिलांनाही सांग, विशेषतः कोणाला जुना अ‍ॅनिमिया असेल तर.

आणि सासूबाई. त्यांना अँटीबॉडी समजावत बसू नकोस, ‘गोळी पुरळाची आहे, आजाराची नाही’ एवढंच सांग, आणि वाद न घालता त्यांना काम दे. तुझ्या वेगळ्या फळीची राखण त्यांच्याकडे सोपव, लाल टेपच्या डब्याला दुसऱ्या कोणाचा चमचा लागला तर ओरडायचं. घरातलं मोठं माणूस राखणीला बसलं की कोणाची टाप नसते.

माझ्या बाबतीत आई होती. एक घास, माझ्या हातचा, काही होत नाही गं. मी खायचे, तिला वाईट वाटू नये म्हणून. एकदा असाच गोळीचा डोस नुकता उतरवला होता आणि तिच्याकडे राहायला गेले होते, चौथ्या दिवशी पहाटे तीन वाजता मी मोरीत उभी, पाठीला गाऊन चिकटलेला, ओढला तर खपल्या निघतायत. तिला जाग आली. काही बोलली नाही, कोमट पाण्यात फडकं भिजवून माझ्या पाठीवर धरून उभी राहिली, मऊ पडल्यावर इंच इंच करत गाऊन सोडवला. वीस मिनिटं तरी लागली असतील. त्यानंतर तिने मला कधी काही भरवलं नाही, उलट कोणी भरवायला आलं की तीच मध्ये पडायची. तू कोणाला पाठ दाखवावीस असं मी म्हणत नाही, पण तू गोळीने बरी झाल्यापासून सासूबाईंना फक्त बरी झालेली सून दिसतेय. साडेचार वर्षांत पुरळाचे फोटो काढले असशील तर एखादा दाखव.

तोपर्यंत मध्येच कधी चूक होऊन भडकलंच तर नखं बारीक काप, सैल सुती घाल, थंड ओलं फडकं ठेव, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड क्रीम त्या जागी थोडं लाव, त्याने जात नाही पण रात्र निघते. अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळ्यांनी या खाजेला फारसा फरक पडत नाही, झोप येते एवढंच. आणि एका चुकीसाठी डोस वाढवायचा की थांबायचं ते फोन करून विचार, स्वतःला शिक्षा देत बसू नकोस.

या रविवारी किचन रिकामं काढ, चाळणीपासून सुरुवात कर. आजच्या स्ट्रिपवर तारीख टाक, डोस लिही, बॉलपेन नको, मार्कर घे. आणि दीड वर्षाने मला परत पत्र टाक. फोड किती ते नको सांगू, डोस किती राहिलाय तेवढा आकडा कळव.

— तुझी ताई